नाकाचे माप आणि परग्रहावरचा माणूस

परग्रहावर माणूस असलाच तर तो कसा दिसत असेल, या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणालाही देता आलेले नाही. तरीही दूरचित्रवाणीवर तो आपल्याला शेकडो वेळा दिसला आहे. त्याची भुवई कशी वर चढलेली असते, त्याचा अंगरखा कसा असतो, त्याचे हसणे किती क्रूर असते, हे लहान मुलेदेखील सांगू शकतात. ज्याला कोणी पाहिले नाही त्याचे चित्र काढावयाचे, तर रंग कोठून आणावयाचे? ते घरातूनच आणावे लागतात. ज्या समाजाने हे चित्र काढले, त्या समाजाला आपल्या शेजाऱ्याविषयी काय वाटत होते, ते त्या चित्रात उतरते. म्हणूनच जुन्या वैज्ञानिक मालिकांतील परग्रहवासीयांकडे आज एक ऐतिहासिक कागद म्हणून पाहण्याचे मी योजिले आहे. या कागदावर आपल्याही देशाची, किंबहुना आपल्या महाराष्ट्राचीही अक्षरे उमटलेली आहेत.

आरंभ अमेरिकेपासून करावा लागतो. १८८२ साली त्या देशाने कायदा करून चिनी मजुरांना आपल्या भूमीवर येण्यास बंदी केली, आणि ती बंदी १९४३ पर्यंत टिकली. पूर्वेकडून पिवळ्या वर्णाच्या लोकांची लाट येईल व गोऱ्यांचे राज्य बुडवील, ही भीती त्या काळातील वर्तमानपत्रांतून आणि कादंबऱ्यांतून नित्य व्यक्त होत असे. १९२८ साली फिलिप नॉलन या लेखकाने एक भविष्यकथा लिहिली. पाचशे वर्षांनंतरच्या अमेरिकेवर ‘हान’ नावाच्या मंगोलवंशीय लोकांनी राज्य बसविले आहे आणि एक गोरा वीर त्यांच्याशी लढत आहे, असे तिचे कथानक. पुढे या वीराचे ‘बक रॉजर्स’ असे नामकरण झाले. १९२९ मध्ये तो वृत्तपत्रातील चित्रमालिकेत आला, १९३२ मध्ये नभोवाणीवर आला आणि १९५० मध्ये दूरचित्रवाणीवर आला. १९३४ साली निघालेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या चित्रमालिकेतील खलनायक तर दुसऱ्या ग्रहाचा सम्राट. पण त्याचे नाव मिंग! मिंग हे चीनच्या एका प्रसिद्ध राजघराण्याचे नाव होय. लांब मिशा, उंच गळपट्टी, झुळझुळीत झगा आणि चेहऱ्यावर कपट असा हा सम्राट लक्षावधी मैल दूर राहात असला, तरी त्याची पाळेमुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातील भयात रुजलेली होती.

हे असे का घडावे? लेखक सगळेच दुष्ट होते असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. दूरचित्रवाणीच्या धंद्याची रीतच अशी की, एक परका समाज प्रेक्षकांपुढे उभा करण्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ मिळत नाही, आणि पैसाही बेताचाच असतो. अशा वेळी रंगभूषाकार एक मुखवटा बनवितो, शिंपी एक पोशाख शिवतो आणि लेखक एक स्वभाव ठरवितो. मग त्या ग्रहावरील प्रत्येक माणसाला तोच मुखवटा, तोच पोशाख आणि तोच स्वभाव. हा ग्रह लढवय्यांचा, तो व्यापाऱ्यांचा, तिसरा लबाडांचा! आपल्या पृथ्वीवर एका आळीतील दोन भावांचे स्वभाव जुळत नाहीत. तेथे मात्र कोट्यवधींचा एकच स्वभाव. सोय म्हणून आलेल्या या रीतीत जुने वंशाचे साचे अलगद येऊन बसले, कारण ते आयतेच तयार होते आणि प्रेक्षकालाही ओळखीचे होते.

या अंधारात एक दिवा लागला तो १९६६ सालच्या सप्टेंबरात. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत सुरू झाली. तिच्यातील अवकाशनौकेवर उहुरा नावाची आफ्रिकी वंशाची स्त्री संदेशवहनाची अधिकारी होती, आणि सुलू नावाचा आशियाई अधिकारी नौका हाकीत होता. उहुराचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे सांगितले आहे की, त्या मालिका सोडण्याच्या विचारात असता खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबविले. आपल्या मुलांना असे स्थान पडद्यावर दिसणे किती मोलाचे आहे, हे त्या नेत्याने ओळखले होते. सुलूचे काम करणारे जॉर्ज ताकेई यांनी लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, केवळ जपानी वंशाचे म्हणून आपल्या कुटुंबासह छावणीत बंदिवास भोगला होता. ज्या देशाने त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, त्याच देशाच्या दूरचित्रवाणीवर ते भविष्यातील अवकाशनौका चालवू लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु नौकेच्या आत जो उदारपणा होता तो नौकेच्या बाहेर टिकला नाही. १९६७ च्या मार्चमध्ये याच मालिकेत ‘क्लिंगॉन’ नावाचे शत्रू प्रथम अवतरले. चेहऱ्याला तपकिरी रंग, वर चढविलेल्या भुवया, खाली वळलेल्या मिशा. मंगोल सरदाराचे जे चित्र पाश्चात्त्यांच्या मनात होते तेच येथे अंतराळात पाठविलेले. आणि त्याच्या एक महिना आधी, १६ फेब्रुवारी १९६७ रोजी, जो पाहुणा त्या नौकेवर आला तो तर आपल्याच देशाचा होता. त्याचे नाव खान नूनियन सिंग.

हा खान म्हणजे शास्त्रज्ञांनी निवडक बीजापासून निपजविलेला अतिमानव. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर सत्ता गाजविली होती, अशी कथा. नौकेवरील इतिहासतज्ज्ञ स्त्री त्याला पाहताच, हा उत्तर हिंदुस्थानचा, बहुधा शीख असावा, असा तर्क करते आणि पुढे त्याचे फेटा बांधलेले चित्रही रंगविते. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर फेटा नाही. मुसलमानी आणि शीख अशी दोन नावे एकत्र गुंफलेली. आणि भूमिका करणारे रिकार्डो माँटलबान हे मेक्सिकोचे, त्यांचा चेहरा रंगाने सावळा केलेला. कर्त्यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, हा खान क्षुद्र नाही. तो बुद्धिमान आहे, देखणा आहे, आणि नौकेचे अधिकारीही त्याच्याविषयी चोरटे कौतुक बाळगतात. तरीपण हिंदी माणूस भविष्यात दिसला तो कशा रूपाने? स्त्रीला मोहिनी घालणारा, सत्तेचा भुकेला, जुलमी सुलतान म्हणून. हे रूप जुन्या प्रवासवर्णनांतून थेट उचललेले आहे. पुढे २०१३ च्या चित्रपटात हीच भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाला दिली, तेव्हा हिंदी नावाची एक ठळक भूमिकाही हिंदी नटाला मिळू नये काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला.

खान शीख असावा, या तर्काला एक दुसरा इतिहास जोडून पाहण्यासारखा आहे. भगतसिंग थिंद नावाचे एक शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी त्या देशाचे नागरिकत्व मागितले. कायद्याने ते ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळत असे. १९२२ च्या नोव्हेंबरात एका जपानी अर्जदाराला तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही त्या वंशाचे नाही. थिंद यांनी हाच धागा पकडला. मानववंशशास्त्राचे ग्रंथ उत्तर हिंदुस्थानच्या लोकांना कॉकेशियन म्हणतात, मग मला नागरिकत्व का नसावे? अवघ्या तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायालयाने उत्तर दिले की, शास्त्राचे ग्रंथ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! म्हणजे शास्त्र सोयीचे असेल तेव्हा शास्त्र, आणि गैरसोयीचे होताच लोकसमजूत. या निकालाने पूर्वी नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. थिंद यांच्या बाजूचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही हा प्रसंग ओढवला; परंतु ते स्वतःचा खटला लढले व जिंकले.

मात्र या हकीकतीत आपल्याला अभिमानाबरोबर थोडी खालीही मान घालावी लागते. थिंद यांच्या वतीने जो युक्तिवाद झाला त्यात ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत यावर भर होता. आणि गोरा माणूस ज्या नजरेने काळ्याकडे पाहतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू येथील आदिवासींकडे पाहतो, हे आपल्या बाजूचे कारण म्हणून मांडले होते. दारातून आत जाण्यासाठी आपण दुसऱ्याला बाहेर लोटण्याची तयारी दाखविली. न्यायालयाने दार तरीही बंदच ठेवले.

शास्त्राचे हे ग्रंथ आले कोठून? त्यांपैकी कित्येक आपल्याच भूमीवर लिहिले गेले. हर्बर्ट रिस्ले नावाचे इंग्रज अधिकारी १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख होते. माणसाच्या नाकाची लांबी व रुंदी मोजून त्याचे जे गुणोत्तर येते त्यावरून वंश ओळखता येतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी पुढे जाऊन असेही प्रतिपादन केले की, हिंदुस्थानात जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो. नाक जितके अरुंद तितकी जात उच्च! आज हे ऐकून हसू येते. पण हे त्या काळी सरकारी शास्त्र होते आणि त्यावर जाडजूड ग्रंथ निघत होते. दूरचित्रवाणीचा रंगभूषाकार परग्रहवासीयाच्या नाकावर व कपाळावर रबराची वळी चिकटवितो आणि मग लेखक त्या वळीवरून त्याचा स्वभाव ठरवितो, तेव्हा तो नकळत रिस्लेसाहेबांचेच काम पुढे चालवीत असतो.

या शास्त्राला उत्तर देणाऱ्यांत तीन मराठी माणसे आहेत, ही गोष्ट आपल्याला फारशी सांगितली जात नाही. पहिल्या इरावती कर्वे. १९२७ मध्ये बर्लिनला मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्र संततीची मोजमापे घेऊन वंशभेदाचे सिद्धांत रचणारे, आणि पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झालेले हे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली ही पुण्याची तरुणी संशोधनासाठी गेली. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. गोऱ्या वंशात ही विषमता निराळ्या प्रकारची असते व तिचा त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी संबंध आहे, अशी फिशर यांची कल्पना होती. ती पडताळून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. युरोपातील आणि आफ्रिकेच्या वसाहतींतून आणलेल्या कवट्या त्यांनी एकामागून एक मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की, अशा वंशभेदाला मोजमापात आधार सापडत नाही. गुरूची कल्पना गुरूच्याच संस्थेत बसून खोटी ठरविणे, तेही परदेशात आणि परभाषेत, हे धैर्य लहान नव्हते. याच बाईंनी पुढे महाराष्ट्रात गावोगाव हिंडून लोकांच्या शरीराची मोजमापे घेतली, हेही ध्यानात ठेवावे. दोष मोजपट्टीत नसतो. मोजण्याआधीच उत्तर लिहून ठेवण्यात असतो.

दुसरे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात व वंश यांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी रिस्ले यांचे आकडे पुन्हा तपासले. गंगा-यमुनेच्या प्रदेशात नाकाचा क्रम व जातीचा क्रम यांचा काही मेळ बसत असला, तरी इतर प्रांतांत तो बसत नाही, असे त्यांनी दाखविले. आणि तिसरे डॉ. भीमराव आंबेडकर. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेले नाकाचे आकडे हाती घेतले आणि वंशवाद्यांचे शस्त्र त्यांच्यावरच उलटविले. हे शास्त्र खरे मानावयाचे असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, तेव्हा अस्पृश्यतेला वंशाचे कारण सांगता येणार नाही, असा त्यांचा बिनतोड निष्कर्ष होता.

ग्रंथांत हे उत्तर देऊन झाले होते. पण पडद्यापर्यंत ते पोहोचावयास फार काळ लागला. १९७७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत जुन्या लंडनमधील एका चिनी जादूगाराची कथा आली. ती भूमिका जॉन बेनेट या इंग्रज नटाने डोळ्यांचा आकार रंगभूषेने बदलून केली, आणि कथेतील चिनी माणसे बहुतेक गुन्हेगार वा चाकर. कथा म्हणून ती आजही अनेकांना आवडते; परंतु कॅनडातील चिनी समाजाने हरकत घेतल्यावर ओंटारिओच्या दूरचित्रवाणीने ती दाखविली नाही. १९८७ साली ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या पिढीत एक असा ग्रह आला की, त्यावरील सर्व माणसे कृष्णवर्णी नटांनी रंगविली होती आणि त्यांचा सरदार गोऱ्या स्त्रीला पळवून नेतो. या भागाविषयी त्या मालिकेतील नटांनीच पुढे उघडपणे नापसंती दर्शविली. याच्या उलट उदाहरणही द्यावयास हवे. १९६९ च्या जानेवारीत मूळ मालिकेत दोन हाडवैरी दाखविले होते. दोघांचेही चेहरे अर्धे काळे आणि अर्धे पांढरे. फरक इतकाच की, एकाची उजवी बाजू काळी तर दुसऱ्याची डावी. त्यांच्या वैराचे कारण एवढेच, आणि त्या वैरात त्यांचा सगळा ग्रह बेचिराख झालेला. तोच मुखवटा, पण या वेळी तो प्रेक्षकाला आरसा दाखविण्यासाठी वापरला होता.

आता आपल्या घरातील पेटीकडे वळू. १९८० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ दूरदर्शनवरून आपल्याकडे आली. १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ व ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ अशा देशी वैज्ञानिक मालिकाही आल्या. पण परक्याचे जे चित्र घराघरात ठसले ते या मालिकांनी नव्हे, १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायणा’ने. त्यातील राक्षस आठवावेत. काळवंडलेला रंग, पिंजारलेले केस, गडगडाटी हसणे आणि अचकटविचकट खाणेपिणे. राक्षस हा आपला सर्वांत जुना परग्रहवासी म्हणावयास हरकत नाही. आणि त्याच्या अंगावर आपणही रंग ओतला तो शेतात राबणाऱ्या, रानात राहणाऱ्या माणसाच्या कातडीचाच. जयंत नारळीकरांनी १९७९ च्या आपल्या कथासंग्रहाला ‘यक्षांची देणगी’ असे नाव दिले. परक्यासाठी आपल्या परंपरेत राक्षसाखेरीज यक्षही आहेत, देणारेही आहेत, याची आठवण त्या नावाने होते.

या विचाराला जमीन हवी म्हणून मी पनवेल तालुक्यातील उलव्याचे नाव घेतो. खाडीकाठची खाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी लोकांचा हा मुलूख. आगर पिकविणारा तो आगरी. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर निघाले. त्या काळच्या या ग्रंथांत प्रत्येक जातीची वर्णने एका ठरीव पद्धतीने येतात. रंग असा, बांधा असा, स्वभाव असा. सहस्रावधी माणसांना मिळून एक रंग, एक बांधा, एक स्वभाव! अवकाशनौकेवरील अधिकारी नव्या ग्रहाचे टिपण करतो ते याहून काय निराळे असते?

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, आणि १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग परत मिळण्याची जी योजना झाली तिची किंमत अशी मोजलेली आहे. त्यानंतर विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचे पात्र वळविले गेले, दहा गावे उठली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आज उलव्याच्या उंच इमारती आणि रुंद रस्ते पाहिले की, एखाद्या जुन्या मालिकेतील भविष्यनगरी उभी राहिल्याचा भास होतो.

या नगरीत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. या कुटुंबांना मूळच्या रहिवाशाची ओळख कशी होते? पुष्कळदा ती विनोदी कार्यक्रमातूनच होते. गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या, तोंडी हेल काढलेली बोली, आडदांड वागणे आणि जमीन विकून आलेला पैसा, असा ‘आगरी’ रंगविला की हशा हमखास. त्यात मिठागर नसते, १९८४ नसते, वकिली करणारी वा प्रयोगशाळेत काम करणारी आगरी मुलगी नसते. दुसऱ्या बाजूने, नव्याने आलेल्यांसाठीही साचे तयारच असतात. ‘भय्या’, ‘मद्रासी’, आणि ईशान्येकडील आपल्याच देशबांधवाला ‘चिनी’. म्हणजे थिंद यांना जो अनुभव परदेशात आला तो येथे जिन्यावर येतो.

मग या जुन्या मालिका मुलांना दाखवूच नयेत काय? मला तसे वाटत नाही. त्या पुसून टाकल्या, तर आपण कोणत्या वाटेने आलो याचा पुरावाच नाहीसा होईल. त्या मुलांसमवेत पाहाव्यात आणि साधे प्रश्न विचारावेत. या ग्रहावर दुसऱ्या स्वभावाचा एकही माणूस का नाही? याला बोलावयास किती वाक्ये दिली आहेत? याचे काम त्याच्याच लोकांपैकी कोणी का केले नाही? हेच प्रश्न मग विनोदी कार्यक्रमाला विचारावेत, पुराणकथेवरील मालिकेला विचारावेत, आणि आपल्या जेवणाच्या वेळच्या गप्पांनाही विचारावेत. बर्लिनमधील त्या संस्थेत एक मराठी स्त्री कवटी हातात घेऊन बसली, तेव्हा उत्तर तिला आधीच सांगून ठेवलेले होते. तिने तरीही मोजून पाहिले. शेजाऱ्याच्या बाबतीत आपण तेवढे केले तरी पुष्कळ झाले.